अरबी मिठाया आणि सारण भरलेले पदार्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शारजात आम्ही सात वर्षे राहिलो. शेजारच्या घरात मूळच्या नाब्लुसच्या एक वयस्कर बाई राहत असत आणि मजल्यावरची सगळी मुले त्यांना ‘खालती’ म्हणत. खालती म्हणजे आईची बहीण, आपली मावशी. रमझानच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी जे पाहिले आणि हाताने केले, त्याविषयी नातेवाईक आणि मैत्रिणी आजही विचारत असतात. त्यातले वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन आणि जॉर्डन मिळून होणाऱ्या ‘शाम’ प्रदेशाच्या पदार्थांवर यात अधिक भर आहे, कारण माझा सराव त्या पदार्थांचा आहे.

‘अरबी मिठाई’ असा एकच प्रकार असतो का?

नाही. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत पसरलेल्या प्रदेशाला एकच मिठाई असणे शक्य नाही, आणि तिथली माणसे तर देशापेक्षाही शहराचे नाव घेऊन मिठाईविषयी बोलतात. कुनाफा, म्हणजे पिठाच्या तंतूंच्या कुरकुरीत थरात चीज घालून पाकात भिजवलेली मिठाई, म्हटले की पॅलेस्टाईनमधील नाब्लुस, तिळाच्या पातळ बराज़ेक म्हटल्या की दमास्कस, खजूर भरलेला मकरूद म्हटला की ट्युनिशियातील कैरवान. चीज आणि रवा एकत्र शिजवून केलेल्या मऊ पारीत साय गुंडाळलेल्या ‘हलावत अल-जिब्न’वर सीरियातील हमा आणि होम्स ही दोन्ही शहरे हक्क सांगतात, आणि लेबनॉनमधील त्रिपोली तिच्यासाठी तितकेच प्रसिद्ध आहे. (लिबियाची राजधानी असलेले त्रिपोली वेगळे.) या लेबनानी त्रिपोलीत हल्लाब कुटुंबाची पेढी १८८१पासून मिठाई करते आहे. गहू, तूप, सुका मेवा, खजूर आणि साखरेचा पाक हे धागे सर्वत्र सारखे असले, तरी कोणी काय आणि कोणत्या दिवशी करावे हे ज्या त्या गावाचे ठरलेले असते.

मामूल म्हणजे नेमके काय, आणि ते घरी कसे करतात?

मामूल हे रव्याच्या खुसखुशीत पारीत खजूर, अक्रोड किंवा पिस्ते यांचे सारण भरून, लाकडी साच्यात दाबून भाजलेले लहान बिस्कीट आहे. ‘मामूल’ या शब्दाचा अरबी अर्थ ‘केलेले’ किंवा ‘घडवलेले’ असा होतो आणि तो या पदार्थाला अगदी शोभतो, कारण यात घडवण्याचेच काम मोठे आहे.

पारीची तयारी आदल्या रात्री होते. अर्धा किलो रव्याला सुमारे पाव किलो वितळलेले साजूक तूप हळूहळू चोळावे लागते. हे चोळणे घाईने उरकता येत नाही. रव्याचा प्रत्येक कण तुपाने माखला पाहिजे आणि मुठीत दाबल्यावर त्याचा मुटका वळला पाहिजे, म्हणजे आपण करंजीच्या पिठाला मोहन घालताना जी परीक्षा घेतो तीच येथेही लागू पडते. मग परात झाकून ती रात्रभर ठेवतात. सकाळपर्यंत रवा तूप पिऊन घेतो. त्यानंतर चिमूटभर यीस्ट, थोडी साखर, कुटलेला महलब (जंगली चेरीच्या बीतील गर), गुलाबपाणी आणि नारिंगीच्या फुलांचे पाणी घालून तो हलक्या हाताने एकत्र करतात. मळायचा मात्र नाही, कारण मळले की गव्हातील चिकटपणा वाढतो आणि बिस्कीट कडक होते.

लिंबाएवढी लाटी घ्यायची, अंगठ्याने तिची वाटी करायची, पुरणाची पोळी भरताना घेतो तसे सारण आत ठेवून तोंड बंद करायचे आणि ती लाटी साच्यात दाबायची. मग साचा उलटा धरून त्याचे टोक ओट्याच्या कडेवर आपटायचे. ठक असा एकच आवाज येतो आणि नक्षी उमटलेले मामूल तळहातावर पडते. ईदच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मजल्यावर हा आवाज दोन-तीन घरांतून एकाच वेळी येत असे. भट्टी सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापवून ते पंधरा मिनिटांच्या आसपास भाजतात. खालची बाजू बदामी व्हावी आणि वरची फिकटच राहावी, ही खालतींची अट होती. वरून रंग आलेले मामूल त्या पाहुण्यांसमोर ठेवत नसत.

आत कोणते सारण आहे हे न फोडता कसे ओळखावे?

आकारावरून. पद्धत घराघरांत थोडी बदलते, तरी बहुधा चपटे गोल मामूल खजुराचे, उंच घुमटासारखे अक्रोडाचे आणि लांबट पिस्त्याचे असते. प्रत्येक आकाराचा साचा वेगळा असतो. भाजून निवल्यावर अक्रोडाच्या आणि पिस्त्याच्या मामूलवर पिठीसाखर भुरभुरतात, खजुराच्या मामूलवर मात्र नाही, कारण खजुराला वरून गोडाची गरज नसते. ही खूण पाहुण्याच्या सोयीची आहे, आणि ज्यांना सुका मेवा चालत नाही त्यांच्यासाठी तर फारच मोलाची. तरीही अशा व्यक्तीने केवळ आकारावर विसंबू नये, यजमानांना विचारावे.

हा ईदचा पदार्थ आहे की ईस्टरचा?

दोन्हींचा. शाम प्रदेशातील मुसलमान घरांत रमझानचे उपवास संपताना ईदसाठी मामूल होते, ख्रिस्ती घरांत लेंटचा उपवासकाळ संपताना ईस्टरसाठी होते, आणि सीरिया व लेबनॉनमधून बाहेर गेलेल्या ज्यू कुटुंबांत ते पुरीमच्या सणाला केले जाते. खजूर भरून वळलेल्या कड्याला ‘कअक’ म्हणतात. ख्रिस्ती घरांत त्या कड्याचा अर्थ येशूचा काटेरी मुकुट असा सांगितला जातो. सणाच्या आधी शेजारणी एकत्र बसून शेकडो मामूल भरतात आणि दोन्ही धर्मांच्या घरांत ताटांची देवाणघेवाण होते. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचे ताट जसे शेजारी जाते आणि रिकामे परत येत नाही, तसेच तेथेही आहे.

याच ओघात आणखी एक पदार्थ सांगावासा वाटतो. ४ डिसेंबरला संत बार्बराचा दिवस येतो. त्या दिवशी तेथील ख्रिस्ती घरांत अख्खा गहू शिजवून त्यात साखर, बडीशेपेच्या जातीचे मसाले आणि सुका मेवा घालून ‘बुरबारा’ करतात. आपल्या गव्हाच्या खिरीची सवय असलेल्या माणसाला तो पहिल्या घासापासून ओळखीचा वाटतो.

कताईफ म्हणजे अरबी करंजी म्हणावी का?

आकार अर्धचंद्राचा आणि आत सारण, एवढे साम्य पाहून आपले लोक तसे म्हणतात. पण पारीची जात अगदी वेगळी आहे. करंजीची पारी लाटलेली असते, तर कताईफची पारी म्हणजे ओतलेले घावन. मैदा, थोडा बारीक रवा, यीस्ट आणि पाणी यांचे सरसरीत पीठ आंबवून ते तापलेल्या तव्यावर तळहाताएवढे गोल ओततात आणि फक्त एकाच बाजूने भाजतात. वर आंबोळीसारखी जाळी पडते आणि पृष्ठभाग ओलसर राहतो. त्या ओलसर बाजूवर सारण ठेवून कडा दाबल्या की त्या आपोआप चिकटतात. पाण्याचे बोट लावावे लागत नाही, कातणही लागत नाही. मात्र घावने तव्यावरून उतरताच कापडाखाली झाकून ठेवली पाहिजेत. उघडी राहिलेली घावने दहा-पंधरा मिनिटांत कडेने सुकतात, मग कितीही दाबले तरी तेलात उघडतात आणि सारण बाहेर येते.

सारण दोन प्रकारचे असते. अक्रोड, साखर आणि दालचिनीचे एक, आणि मीठ काढलेल्या चीजचे दुसरे. भरलेली कताईफ तळून किंवा तूप लावून भाजून गरम असतानाच थंड पाकात बुडवतात. ‘असाफीरी’ नावाचा लहान प्रकार तळत नाहीत. त्याची अर्धी कडच मिटवतात, उघड्या तोंडातून साय भरतात, ते तोंड पिस्त्याच्या कुटात टेकवतात आणि वरून पाकाची बारीक धार सोडतात. असाफीर म्हणजे चिमण्या. माझ्या मते कताईफचा खरा गुण या कच्च्या प्रकारात कळतो, कारण घावनाची लुसलुशीत जाळी तळणीत हरवते.

हा मुख्यतः रमझानचा पदार्थ. एरवी बंद असलेले तवे त्या महिन्यात दुकानांबाहेर मांडले जातात, विक्रेता नाळक्यातून एका ओळीत वीस-पंचवीस घावने ओततो आणि लोक संध्याकाळच्या अजानपूर्वी ती वजनावर विकत घेऊन घरी जाऊन भरतात. १०व्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक याने संकलित केलेल्या पाकग्रंथातही कताईफ आढळते. म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ हा पदार्थ सतत केला जातो आहे.

कुनाफ्यात चीज कसे काय चालते?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. नाब्लुसचे चीज मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाचे, पांढरे आणि मिठाच्या पाण्यात टिकवलेले असते. कुनाफ्यासाठी त्याचे पातळ काप करून ते साध्या पाण्यात भिजवतात आणि मीठ पूर्ण उतरेपर्यंत काही तास पाणी बदलत राहतात. शेवटी उरते ते सौम्य, तापले की ताणले जाणारे चीज, ज्याला स्वतःची फारशी चव नसते पण दुधाचा दाटपणा असतो. अक्का शहरावरून नाव पडलेले ‘अक्कावी’ चीजही असेच वापरतात.

मोठ्या उथळ थाळ्याला केशरी रंग मिसळलेले तूप लावतात, त्यावर कुनाफ्याचा थर दाबून बसवतात, त्यावर चीज पसरतात आणि थाळा मंद आचेवर सतत फिरवत राहतात, म्हणजे रंग सर्व बाजूंनी सारखा येतो. तळ खरपूस झाला की त्यावर दुसरा थाळा उपडा ठेवून एका झटक्यात पालथा करतात. आता चीज खाली आणि केशरी थर वर येतो. लगेच पाक, मग पिस्त्याचा चुरा, आणि तुकडे करून गरम असतानाच बशीत. चीज निवले की त्याची तार जाते आणि ते रबरासारखे लागते, म्हणून कुनाफा उभ्या उभ्या दुकानातच खाण्याची रीत आहे. बैरुतमध्ये तर लोक तो सकाळच्या न्याहारीला तिळाच्या पावात घालून खातात.

कुनाफ्याचे दोन प्रकार विचारले जातात. ‘ख़िश्ने’ म्हणजे जाडाभरडा, ज्यात लांब तंतू दिसतात, आणि ‘नाअमे’ म्हणजे मऊ, ज्यात थर रवाळ आणि एकसंध असतो. खालतींचे घर नाअमेचे होते आणि त्या दुसऱ्या प्रकाराला कधी नावे ठेवत नसत, पण करतही नसत.

आपल्या शेवया वापरून कुनाफा करता येईल का?

करतात, पण तो कुनाफा होत नाही. आपल्या शेवया घट्ट कणकेच्या, वळून वाळवलेल्या असतात. कुनाफ्याचे तंतू पातळ पिठापासून होतात. मैदा आणि पाण्याचे सरसरीत पीठ बारीक छिद्रांच्या भांड्यातून तापलेल्या, फिरणाऱ्या तांब्याच्या तव्यावर धारांनी सोडतात. काही क्षणांत तंतू घट्ट होतात आणि रंग येण्यापूर्वीच हाताने गोळा करून उचलले जातात. ते ओलसर आणि मऊ असतात, त्यामुळे तूप आत शिरते आणि भाजल्यावर प्रत्येक तंतू सुटा कुरकुरतो. वाळलेल्या शेवया तुपात परतल्या तरी पाक पडताच आतून कडक राहतात किंवा एकदम लगदा होतात. मोठ्या शहरांत गोठवलेले तंतू ‘कताइफी’ या नावाने मिळतात (वरच्या कताईफशी गल्लत करू नये), तेच घ्यावेत. चीजसाठी पनीर एकटे चालत नाही, कारण ते ताणले जात नाही. बिनमिठाचे मोझरेला आणि किसलेले ताजे पनीर समप्रमाणात घेतल्यास पोत बराच जवळ येतो.

‘दुबई चॉकलेट’मधील कुनाफा हाच का?

तंतू तेच, पदार्थ वेगळा. भाजलेले कुनाफ्याचे तंतू पिस्त्याच्या लगद्यात आणि तिळाच्या ताहिनीत कालवून चॉकलेटच्या वडीत भरण्याची ही कल्पना दुबईत २०२१च्या सुमारास आली आणि २०२३च्या अखेरीस समाजमाध्यमांवरून जगभर पसरली. त्यात चीज नाही, पाकही नाही. ते अवश्य खावे, पण त्यावरून नाब्लुसच्या कुनाफ्याची कल्पना करू नये.

पाक गरम असावा की थंड, आणि किती घट्ट?

पदार्थ गरम तर पाक थंड, पदार्थ थंड तर पाक गरम. दोन्ही गरम असतील तर थर मऊ पडतात, दोन्ही थंड असतील तर पाक आत शिरत नाही. पहिल्याच वर्षी मी भट्टीतून काढलेल्या बकलाव्यावर, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या थरांत सुका मेवा भरलेल्या मिठाईवर, उकळता पाक ओतला आणि अर्ध्या तासात चाळीस थरांचा ओला गोळा झाला. तेव्हापासून पाक सकाळीच करून ठेवते.

प्रमाण साधारणपणे दोन वाट्या साखरेस एक वाटी पाणी. उकळी आली की काही थेंब लिंबाचा रस घालावा, त्याने साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्करांत मोडतो आणि पाकात खडे धरत नाहीत. आठ-दहा मिनिटे मंद उकळून चमच्यावर पातळ लेप राहील इतपत, एकतारीच्या किंचित अलीकडे, तो उतरवावा. गुलाबपाणी किंवा नारिंगीच्या फुलांचे पाणी आच बंद केल्यावरच घालावे, उकळत्या पाकात घातल्यास सुगंध वाफेबरोबर निघून जातो. अरबीत या पाकाला ‘क़त्र’ किंवा ‘अत्र’ म्हणतात. दुसरे नाव आपल्या अत्तराच्या जवळचे आहे आणि त्यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी की या पाकाकडून गोडाइतकीच सुवासाचीही अपेक्षा असते.

बकलावा अरबी की तुर्की?

या वादात मला कोणाचीही बाजू घ्यायची नाही, पण माहिती सांगता येते. वर्राकच्याच ग्रंथात ‘लौजीनज’ नावाचा पदार्थ आहे, ज्यात कागदासारख्या पातळ पापुद्र्यात बदामाचे सारण गुंडाळून तो पाकात भिजवत. अनेक अभ्यासक त्याला बकलाव्याचा पूर्वज मानतात. आज आपण पाहतो त्या अनेक थरांच्या बकलाव्याला मात्र उस्मानी दरबाराच्या मुदपाकखान्यात घाट आला आणि त्या साम्राज्यातील सर्व शहरांनी तो आपापल्या परीने घडवला. तुर्कस्तानातील गाझियानतेपच्या बकलाव्याला २०१३मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक नामांकन मिळाले.

दमास्कस, अलेप्पो आणि त्रिपोली येथील बकलाव्याची ओळख त्याच्या अनेक लहान आकारांत आहे. बोटासारख्या गुंडाळ्या ‘असाबी’, मध्ये अख्खे पिस्ते ठेवलेले ‘उश्श अल-बुलबुल’ म्हणजे बुलबुलाचे घरटे, रंग न येऊ देता पांढऱ्याच ठेवलेल्या तंतूंच्या दोन थरांमध्ये पिस्ते दाबून केलेली ‘बल्लूरिय्ये’, आणि एका घासाची ‘कुल व-श्कुर’, म्हणजे ‘खा आणि शुक्र मान’. अलेप्पोचे नाव तर पिस्त्यालाच चिकटले आहे. अरबीत पिस्त्याला ‘फ़ुस्तुक़ हलबी’, म्हणजे हलब शहराचा पिस्ता, म्हणतात. २०११नंतरच्या युद्धात देशोधडीला लागलेल्या सीरियन कारागिरांनी ही विद्या अम्मान, इस्तंबूल आणि बर्लिनपर्यंत नेली. बर्लिनच्या झोनेनाले रस्त्यावर आज त्यांची दुकाने आहेत. घर गेले तरी हात बरोबर आले, असे अशा एका कारागिराकडून ऐकले होते आणि ते मी विसरलेले नाही.

महलब, मस्तकी आणि फुलांचे पाणी यांना पर्याय आहे का?

महलब म्हणजे एका जंगली चेरीच्या बीतील गर. वास कडू बदामासारखा, चव किंचित कडवट. तो कुटलेला घेऊ नये, अख्खा घेऊन ऐन वेळी कुटावा, कारण त्यातले तेल लवकर खवट होते. पर्याय नाही. मिळाला नाही तर वगळावा.

मस्तकी ही एका झुडपाची डिंकासारखी राळ आहे आणि ते झुडूप पिस्त्याच्याच कुळातले आहे. ग्रीसच्या कीओस बेटावरची मस्तकी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे जुन्या काष्ठौषधीच्या दुकानांत ती ‘रुमी मस्तकी’ म्हणून मागावी. खलात नुसती कुटली तर ती बत्त्याला चिकटून बसते, म्हणून चमचाभर साखरेबरोबर कुटावी. दोन-तीन खडे पुरतात, जास्त झाल्यास औषधासारखा वास येतो.

‘मा ज़हर’ हे आंबट नारिंगाच्या फुलांचे ऊर्ध्वपातित पाणी. त्याऐवजी संत्र्याचा इसेन्स घालू नये, तो फळाचा वास असतो, फुलाचा नव्हे. त्यापेक्षा फक्त चांगले गुलाबपाणी वापरलेले बरे.

‘क़िश्ता’ म्हणजे साय का?

होय, मूळ कल्पना तीच. म्हशीचे किंवा गाईचे दूध पसरट भांड्यात मंद आचेवर ठेवून वर येणारे सायीचे थर गोळा करतात. आपल्याकडील म्हशीच्या दुधाची, एक रात्र मुरलेली जाड साय मला अनेक दुकानी क़िश्त्यांपेक्षा सरस वाटते. कॉर्नफ्लॉअर घालून आटवलेले दूध हा दुकानी पर्याय आहे, पण घरी साय असताना त्याची गरज नाही.

शाम प्रदेशाबाहेरचे कोणते सारणाचे पदार्थ जाणून घ्यावेत?

इराकची ‘क्लेचा’ सर्वप्रथम. खजुराचा लगदा पोळीवर पसरून तिची वळकटी करतात आणि आपण अळूवडी कापतो तसे काप पाडून भाजतात. पिठात वेलची भरपूर असते, त्यामुळे आपल्याला ती फार लवकर आपलीशी वाटते. मोरोक्कोचे ‘काब अल-ग़ज़ाल’ म्हणजे हरिणाचा घोटा. बदाम आणि फुलांच्या पाण्याचे सारण अतिशय पातळ पारीत घालून चंद्रकोरीसारखे वळवतात आणि जवळजवळ पांढरेच भाजून काढतात. कैरवानचा मकरूद रव्याचा, खजूर भरलेला, शंकरपाळ्याच्या आकारात कापून तळलेला आणि पाकात किंवा मधात बुडवलेला असतो.

एक सावधगिरीची सूचना. रव्याच्या पाकातल्या वड्यांना इजिप्तमध्ये ‘बस्बूसा’, लेबनॉनमध्ये ‘नम्मूरा’ आणि पॅलेस्टाईन-सीरियात ‘हरीसा’ म्हणतात. ट्युनिशियात मात्र हरीसा म्हणजे लाल मिरचीचा झणझणीत ठेचा.

तिखटमिठाचे भरलेले पदार्थ कोणते?

पालकाचे त्रिकोणी ‘फ़तायर’ शिकण्याजोगे आहेत. बारीक चिरलेल्या पालकाला मीठ चोळून ठेवायचे, सुटलेले पाणी पूर्ण पिळून काढायचे, मग कांदा, लिंबाचा रस, ऑलिव्ह तेल आणि सुमाक हा आंबट लाल मसाला घालायचा. पिठाच्या गोल पोळीवर सारण ठेवून तीन बाजू मध्यावर आणून चिमटायच्या. येथे एकच पथ्य आहे. कडेला तेलाचा किंवा पालकाच्या पाण्याचा थेंब लागला की ती कड भट्टीत उघडते. सांबूसक हा आपल्या समोशाचा भाऊबंद, पण अर्धगोल आणि पातळ पारीचा. लेबनॉनमधील बअलबकची ‘सफ़ीहा’ मटणाच्या खिम्याची, चारही कोपरे चिमटलेली चौकोनी वाटीच असते. झातर हा सुक्या पाल्याचा आणि तिळाचा मसाला लावून भाजलेली ‘मनाक़ीश’ ही रोटी भरलेली नसते, तरी तिचे नाव घेतलेच पाहिजे. तिच्या लेबनानी परंपरेची २०२३मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली.

हे पदार्थ शाकाहारी असतात का?

बहुतेक मिठाया गहू, तूप, साखर आणि सुक्या मेव्याच्या असतात आणि मामूल, बकलावा, कताईफ यांत सहसा अंडे नसते. क्लेचावर मात्र अंड्याचा हात फिरवतात. चीजच्या पदार्थांबाबत चौकशी करावी, कारण ते विरजण्यासाठी प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून काढलेला, दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरलेले असू शकते.

या मिठायांचे आपल्या भाषेशी काही नाते आहे का?

आहे, आणि ते दोन्ही दिशांनी आहे. संस्कृत ‘शर्करा’पासून आपली साखर आली आणि तोच शब्द इराणमार्गे अरबीत जाऊन ‘सुक्कर’ झाला. ‘नारंग’ हा शब्दही याच वाटेने जाऊन अरबीत ‘नारंज’ झाला, म्हणजे ज्या फुलांच्या पाण्याने मामूल दरवळते त्या झाडाचे नाव आपल्याकडून गेलेले आहे. उलट दिशेने ‘हलवा’ आला, जो अरबीतील ‘गोड’ या अर्थाच्या धातूपासून बनला आणि ज्याच्यावरून आपला हलवाई झाला. जिलेबीचे मूळ ‘ज़लाबिया’त आहे. हैदराबादेतील बदामाची ‘लौज’ खाताना आपण वर उल्लेखिलेल्या लौजीनजमधला ‘लौज़’ म्हणजे बदाम हाच शब्द उच्चारत असतो.

विकत घेताना काय पाहावे?

मुंबईत मोहम्मद अली रस्त्यावरच्या रमझानच्या बाजारात आता मालपुवा आणि फिरनीच्या शेजारी कुनाफाही मिळतो, आणि आखातातून येणारी माणसे बकलाव्याचे डबे आणतातच. डबा उघडताच वास घ्यावा. खवट तूप आणि खवट अक्रोड लपत नाहीत. बकलाव्याचा तुकडा उचलून खालची बाजू पाहावी, ती पाकात बसलेली असेल तर तो शिळा किंवा चुकलेला आहे. पिस्ते फार भडक आणि एकसारखे हिरवे दिसत असतील तर रंगवलेले शेंगदाणे असण्याची शंका घ्यावी, खऱ्या पिस्त्याच्या चुऱ्यात हिरव्याबरोबर जांभळट साल दिसते. कुनाफा काचेच्या कपाटात थंड ठेवलेला असेल तर तो घेऊ नये.

किती दिवस टिकतात?

खजुराचे मामूल हवाबंद डब्यात तीन आठवडे सहज राहते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगले लागते. बकलावा आठवडा-दहा दिवस बाहेरच ठेवावा, शीतकपाटात त्याचे तूप थिजते आणि थर चिवट होतात. सायीचे पदार्थ त्याच दिवशी संपवावेत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे सर्व अवधी निम्मे धरावेत.

पहिल्यांदा करायचे असल्यास कोठून सुरुवात करावी?

खजुराच्या मामूलपासून. साहित्य सगळे घरचे असते, पाकाचे गणित नसते आणि चूक झाली तरी खाण्याजोगे काही तरी हाती लागतेच. साचा नसला तरी अडत नाही. शाममधील अनेक घरांत ‘मल्क़त’ नावाच्या लहान चिमट्याने मामूलच्या पाठीवर ओळीने चिमटे काढून नक्षी करतात. साच्याची नक्षी जितकी रेखीव तितकीच ही, फक्त वेळ जास्त लागतो. आपल्याकडे करंजीला मुरड घालणारी बोटे ते काम चिमट्याशिवायही करू शकतात. खालतींनी मला सुरुवातीला साचा दिलाच नाही. पहिली दोन वर्षे त्यांनी माझ्याकडून बोटांनीच चिमटे काढून घेतले आणि तिसऱ्या वर्षी ईदच्या आदल्या संध्याकाळी आपला जुना, तुपाने काळा पडलेला अक्रोडाचा साचा माझ्या हातात ठेवला. तो आज पुण्याच्या घरी आहे. तो पाण्याने धुवायचा नाही, कोरड्या कुंचल्याने झाडून ठेवायचा, हे त्यांनी तेव्हा दोनदा बजावले होते.